अंतर्गळाचा भाव

आमच्या निंबाला अंतर्गळ झाला त्या उन्हाळ्यात एरंडोलात सगळ्यांना डॉक्टरकी येत होती. येत नव्हती ती फक्त आमच्या गल्लीतल्या डॉक्टरला. कोयनेला भूकंप झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा तो. निंबा म्हणजे माझा नातू, तीन वर्षांचा. रडला की त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ वर यायची आणि झोपला की गुपचूप आत जायची. शेजारीण म्हणाली, एरंडेल पाजा. मावळण म्हणाली, गाठीवर तांब्याचा पैसा बांधा. माझा लेक वना म्हणाला, "माय, मोठा झाला की आपोआप जाईल." वनाच्या मते जगातली सगळी कामं आपोआप होतात, कारण ती मी करते आणि त्याला दिसत नाही.

शेवटी सून सुनंदा पोराला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तोंडानं काही बोलली नाही. तिची ती पद्धतच. आम्ही गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. ताप असो, खोकला असो, हा माणूस सुई टोचल्याशिवाय कोणाला सोडत नसे. त्या दिवशी टोचलं नाही. गाठ दाबून आत सारली, हात धुतले आणि म्हणाला, "ऑपरेशन लागेल. जळगावला मोठ्या हॉस्पिटलात जा. अक्का, तिथं माझं नाव नक्की सांगा बरं का."

नाव सांगा म्हणणारा माणूस मला ओळखीचा वाटला. म्हणजे डॉक्टर नव्हे, तसली जात. दलालाची.

आता मी कोण ते सांगते. मी ताईबाई. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तर आजारी नसेल तेव्हा. नवरा लवकर गेला. घरात बैल घ्यायचे तर बाजारात कोण जाणार, म्हणून मीच गेले. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलाखाली दोघांचे हात जातात आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की शंभर, पेर दाबलं की पन्नास. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. तोच बैल एकाला चारशेला जातो, दुसऱ्याला सहाशेला, आणि दोघंही घरी जाऊन मिशीला पीळ देतात. मी गेले तेव्हा माझ्याकडे टॉवेल नव्हता, म्हणून पदर पुढे केला. परक्या बाईचा हात कसा धरायचा म्हणून दलाल लाजायचे. लाजलेला दलाल एक बोट आधीच सोडतो. माझ्या गोठ्यातले सगळे बैल त्या लाजेवर आलेले आहेत.

तर आम्ही जळगावला गेलो. मी, सुनंदा आणि निंबा. वनाला कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या होत्या, म्हणजे पारावर बसायचं होतं.

हॉस्पिटल नवंकोरं. बाहेर फरशी, आत फरशी, भिंतीलाही फरशी. बाकावर माणसं बसलेली आणि खिडकीत एक कारकून, तेल लावून चपटे केलेले केस. मी सांगितलं, अंतर्गळ आहे, एरंडोलच्या डॉक्टरांनी पाठवलंय, आणि नाव सांगितलं. त्यानं आधी माझ्या गळ्यातली सोन्याची एकदाणी पाहिली, मग सुनंदाच्या पाटल्या पाहिल्या. पोराकडे पाहिलंच नाही. मग खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्या कानाशी तोंड आणून पुटपुटला, "साडेतीनशे."

मी जागच्या जागी थांबले. भाव कानात कोण सांगतं? ज्याला तो दुसऱ्यानं ऐकायला नको असतो तो.

"विचार करून येते," म्हणाले आणि सुनंदाला घेऊन बाहेर लिंबाखाली आले. "काढ पाटल्या," म्हटलं. "पोत आत घाल, डोक्यावरून पदर ओढ. तो तोंड नाही, दागिने पाहतो. पोराला खांद्यावर टाक, तोंड फिरव त्याचं. परत जा. आपण असोद्याच्या. कोणाचंही नाव सांगायचं नाही."

"आत्याबाई, मला नाही जमणार."

"तुला बोलायचं थोडंच आहे? ऐकायचं आहे. ते तुला चांगलं येतं."

गेली बिचारी. मी दाराच्या आड उभी. कारकुनानं विचारलं, "असोद्याला कोणाकडच्या?" सुनंदा गडबडली आणि म्हणाली, "केळीवाल्यांकडच्या." कारकून म्हणाला, "असोद्यात तर सगळेच केळीवाले," आणि तिच्या रिकाम्या मनगटांकडे पाहून मान बाहेर काढली. सुनंदा परत आली, कान लाल.

"कितला?"

"पावणेतीनशे."

तोच पोरगा, तीच गाठ, तीच खिडकी. मधे गेलेले पंच्याहत्तर रुपये एका नावाचे आणि दोन पाटल्यांचे. आमच्या गल्लीतला डॉक्टर सुई का विसरला होता ते मला तिथं लिंबाखाली कळलं.

मग मी आत गेले. खिडकीसमोर उभी राहिले, पदर पसरला आणि म्हटलं, "घाला हात."

"काय?" कारकून मागे सरकला.

"भाव चोरूनच करायचा तर रीतसर करू. कानात कशाला फुंकर घालता? मी काय तुमची नवी नवरी आहे? घाला हात पदराखाली, बोटं धरा."

"अहो बाई, हे हॉस्पिटल आहे!"

"मग मोठ्यानं सांगा! मला साडेतीनशे आणि माझ्या सुनेला पावणेतीनशे, ते का?"

झालं. बाकावरून एकदम पाखरं उठल्यासारखी माणसं उठली. कोपऱ्यात सुभाषचंद शेठ म्हणून जळगावातले कापडवाले बसले होते, नातवाला घेऊन, बाजूला त्यांची बायको सायरबाई. त्यांच्या नातवालाही हेच दुखणं. शेठ उभे राहिले आणि त्यांचा आवाज थेट फरशीवर आपटला, "अरे वा रे वा! हमको पाचशे, और इनको साडेतीनशे? एकच माल ना?"

"शेठजी, तुमची स्पेशल रूम आहे," कारकून म्हणाला.

"रूमला का अंतर्गळ झालाय?" मी विचारलं.

पलीकडून एक म्हातारा ओरडला, "आमच्याकडून चारशे घेतले गेल्या महिन्यात! आणि खोली पाहिली तर ढेकूण!" दुसरी कोणी म्हणाली, तिला तीनशे दहा. हे वरचे दहा कशाचे, ते कारकुनालाही आठवेना. सायरबाई शेठना म्हणाल्या, "पाचशे को हां बोल दिये आप, किसी को पूछे बिना!" शेठ म्हणाले, "मैंने समझा महंगा है तो अच्छा होगा." आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच समजावून त्यांनी बंगला बांधला होता. आज पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे होते.

तेवढ्यात आतला दरवाजा उघडला आणि डॉक्टर बाहेर आले. जाडजूड, काळेसावळे, हात कोपरापर्यंत ओले. "काय बाजार मांडलाय?"

"बाजारच आहे," मी म्हटलं. "फक्त शेण नाही."

त्यांनी माझ्या पसरलेल्या पदराकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण हसले नाहीत. पुढे आले, निंबाला सुनंदाच्या कडेवरच तपासलं, गाठ बोटानं आत घातली. मग म्हणाले, "आजी, भाव करा, दहा ठिकाणी करा. पण एक लक्षात ठेवा. ज्या दिवशी पोरगा ओकेल आणि गाठ कडक होऊन आत जाणार नाही, त्या दिवशी भाव विचारत फिरू नका. आतडं अडकलेलं असतं. मिळेल त्या गाडीनं मिळेल त्या डॉक्टरकडे जा. एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

हे ते सुनंदाकडे बघून बोलले. मला राग आला. भाव मी करत होते आणि सल्ला तिला.

दोन दिवसांनी आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो, सरकारी दवाखान्यात. आमच्या एरंडोलचं हे एक बरं आहे. स्टँडवर उभं राहिलं की उगवतीला जळगाव, मावळतीला धुळं. माणसानं फक्त कुठल्या बाजूला मान वळवायची ते ठरवायचं.

तिथं केसपेपरचे पंचवीस पैसे. ऑपरेशनचे? काही नाही. मला ते आवडलं नाही. फुकट घ्यायला मी काय देवळाच्या पायरीवर बसलेय? शिवाय फुकटचा बैल मी कधी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर आधी त्याचे दात मोजले असते. बाजूला शिरपूरकडची एक बाई बसली होती, तिच्या पोराचं नुकतंच झालेलं. ती म्हणाली, "कापनं फुकट शे अक्का. पन नवरानी मजुरी बुडनी, खानावळ, यष्टी, बठ्ठं मियीसन आम्हले शंभरले पडनं." म्हणजे फुकटाचाही भाव होता, फक्त तो खिडकीत सांगत नव्हते.

डॉक्टर तरुण, काटकुळा, व्हरांड्यात उभ्या उभ्या केळं खात होता. मी सरळ विचारलं, "तुम्ही फुकट कापता, मग मन लावून कापता का?"

त्यानं केळं गिळलं. "आजी, टेबलावर पोरगं सगळं कापडानं झाकलेलं असतं. चार बोटांची जागा उघडी. ते शेठचं की सालदाराचं, मला कुठून कळणार?"

"मग जळगावला साडेतीनशे कशाचे?"

"तिथल्या डॉक्टरला भिंती विकत घ्याव्या लागतात. गुंगी देणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, नर्सला पगार. इथं ते सगळं सरकार देतं."

"सरकार कुठून देतं?"

"तुमच्यासारख्यांच्या शेतसाऱ्यातून."

हे ऐकून माझा जीव थंड झाला. म्हणजे पैसे मी आधीच भरले होते, वर्षानुवर्षं, तलाठ्याच्या हातात. फुकट काही नव्हतंच. मी केसपेपर कमरेला खोचला. डॉक्टर म्हणाला, "आता गाठ आत जातेय, घाई नाही. खाटा भरल्यात. आखाजीचा सण झाला की सोमवारी घेऊन या."

येताना सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, जळगाव जवळ आहे. करून टाकू ना."

"साडेतीनशेत गोऱ्हा येतो."

"निंबा गोऱ्हा नाही."

मी चमकून पाहिलं. एवढं लांब वाक्य ती माझ्यासमोर लग्नानंतर पहिल्यांदा बोलली होती.

पण माल पाहिल्याशिवाय मी व्यवहार करत नाही. डॉक्टरांनी शिवलेलं बघायचं कुठे? मला एकदम सुचलं. अंजनी नदीच्या डोहावर. उन्हाळ्याच्या दुपारी गावातली सगळी पोरं तिथं नागडी डुंबत असतात. मी काठावर जाऊन उभी राहिले आणि हाक मारली, "ज्याचं ज्याचं पोट कापलंय, त्यानं बाहेर यावं!"

तीन पोरं आली, दुसरी दोन पळाली. मी एकेकाला उन्हात उभं करून जांघेतली शिवणीची वळी पाहिली. गोधड्या मी जन्मभर शिवल्या आहेत. गावात कुठलीही गोधडी उलटी करून दाखवा, टाक्यावरून सांगेन कोणत्या बाईची आहे. एका पोराचं जळगावला त्याच हॉस्पिटलात झालेलं, तीनशे रुपयांत. दोघांचं धुळ्याला. वळी पाहते तर तिन्ही सारख्या. तिरकस, बारीक, शेवटाला जरा वर वळलेल्या. टाक्यांच्या खुणासुद्धा तेवढ्याच अंतरावर. मी कपाळाला हात लावला. तोच माणूस! धुळ्याला फुकट कापतो आणि जळगावला जाऊन साडेतीनशे घेतो!

पण तो जाड आणि हा काटकुळा, हे काही जुळेना. जुळवायला मला वेळही मिळाला नाही, कारण संध्याकाळच्या आत तीन बाया माझ्या ओट्यावर आल्या. पुढे गुलाबबाई, कमरेला पदर खोचून.

"अक्का, हाई काय चालू शे? मना पोऱ्याले नागडा उभा करीसन काय देखी राह्यनी तू?"

"टाका देखी राह्यनू. बाकीनं बठ्ठं मनं देखेल शे."

"गावात काय तोंड दाखवू मी? पोऱ्या म्हनस, अक्कानी मले वाकीसन देखं!"

"तुझा पोरगा उद्या नवरदेव होईल तेव्हा वऱ्हाडात सांग, याची तपासणी ताईबाईनं आधीच केलेली आहे. हुंडा वाढेल."

ती रागानं गेली, पण गल्लीच्या टोकाला वळताना तिघी हसताना मी पाहिल्या. माझा निकाल मात्र लागला होता. काम सारखं, तर भाव कमी असेल तिथं. सोमवारी धुळं. वना म्हणाला, "मी आधीच सांगत होतो." काय सांगत होता ते त्याला विचारलं नाही, सणाच्या तोंडावर भांडण नको. पद्मालयाला नारळ देऊन आले. तिथं एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एकाची सोंड इकडे, एकाची तिकडे, पण दोघांनाही नारळ सारखाच लागतो. देवांचं एवढं तरी बरं असतं.

मग आखाजी आली. दारोदार झोके, सासुरवाशिणी माहेरी, पुरुष सकाळपासून पत्ते कुटायला. आमच्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्या आणि परातभर आमरस. निंबा रसात कोपरापर्यंत बुडालेला. दुपारी तो ओकला.

मी म्हटलं, "आखाजीला कोण ओकत नाही? याचा आजा तर दर वर्षी ओकायचा. पाणी पाजा, झोपवा."

पुन्हा ओकला. पाय पोटाशी घेऊन रडायला लागला. मी ओव्याची पुडी शोधत होते. सुनंदानं त्याचा लंगोट सोडला. मी वाकून पाहिलं. गाठ वर आलेली, तांबूस, दगडासारखी. तिनं हळूच दाबली. पोरगं किंचाळलं. गाठ हलली नाही.

गल्लीतला डॉक्टर पत्त्यांवरून उठून आला. त्यानंही दाबून पाहिली. कपाळावर घाम. "न्या," म्हणाला, "लगेच न्या. आणि अक्का, माझं नाव..."

सुनंदानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पोराला उचललं, हाताला पुरण तसंच, आणि चालायला लागली.

"अगं थांब! वनाला बोलवते. धुळ्याचा केसपेपर काढते. पाटल्या तरी उतरव!"

ती वळली. "आत्याबाई, तुमचा भाव ठरेपर्यंत माझा पोरगा राहायचा नाही. मी निघाले. तुम्हाला यायचं तर या."

आणि मी, ताईबाई, जिच्यासमोर बैलांचे दलाल घाम पुसतात, ती चपला हातात घेऊन सुनेमागे पळाले. पळताना लोकांनी मला पाहिलं. पाहू देत.

स्टँडवर धुळ्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. जळगावची गाडी फुरफुरत उभी होती. सुनंदा चढली, मी चढले. भाव मी ठरवला होता, एस.टी.नं मोडला. रस्ताभर निंबा कण्हत होता आणि मग पाळधीच्या पुढे कण्हायचाही थांबला. नुसता बघायला लागला. रडणारं पोर मला चालतं. ते तसलं बघणं मला चाललं नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, वाटेत कोणी हात दाखवला तर थांबू नको, मी तुला पुरणपोळ्या पाठवीन." त्यानं मागे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि मग खरंच कुठे थांबला नाही. ज्यांना उतरायचं होतं ते शिव्या देत जळगावला उतरले.

हॉस्पिटलात खिडकी बंद. सण म्हणून कारकून सुट्टीवर. भाव सांगायला कोणीच नव्हतं. नर्सनं पोराकडे पाहिलं आणि पळत सुटली. डॉक्टर मागच्या घरातून आले, जेवणावरून उठून, सदऱ्यावर आमरसाचा डाग. त्यांनी मला ओळखलं, पण बोलले सुनंदाशी.

"कधीपासून?"

"दुपारपासून. तुम्ही म्हणाला होता थांबायचं नाही."

"बरं केलंस." आणि निंबाला तिच्या हातातून घेऊन आत गेले. दार बंद झालं.

मी त्या फरशीवर बसले. माझ्या लक्षात आलं की किती घेणार ते मी विचारलंच नाही. जन्मात पहिल्यांदा भाव न विचारता माल दिला-घेतला होता. आणि त्याहून वाईट, त्या वेळी कोणी हजार म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती. दोन्ही बैलजोड्या म्हटल्या असत्या तरी. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अशानं बाजार बिघडतो.

दिवेलागणीच्या आधी डॉक्टर बाहेर आले. "आतडं लाल झालेलं, पण जिवंत होतं. आत सारलं, शिवलं. पोरगा ठीक आहे." सुनंदा तेव्हा रडली, पुरणाच्या हातांनी तोंड झाकून. मला रडायला येत नाही, म्हणून मी भांडण काढलं.

"तुम्ही धुळ्यालाही कापता का हो?"

"मी? नाही."

"तुमचा टाका आणि धुळ्याच्या डॉक्टरचा टाका एक आहे. मी तीन पोरं उघडी करून पाहिलीत."

ते इतके मोठ्यानं हसले की नर्सनं डोकं बाहेर काढलं. "आजी, आम्ही दोघं पुण्याला एकाच गुरूच्या हाताखाली शिकलो. टाका चुकला की ते बोटावर कात्रीची मूठ मारायचे. त्याचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, पण हे त्याला सांगू नका."

म्हणजे मी चुकले, पण माझं बरोबर होतं. एकाच आईनं शिकवलेल्या लेकी वेगवेगळ्या घरी गेल्या तरी गोधडी सारखीच शिवतात.

टाके काढून घरी जायच्या दिवशी बाक भरलेला होता. सुभाषचंद शेठ आणि सायरबाई नातवाला घेऊन आलेले, त्याचंही झालेलं. कारकून खिडकीत होता. मला पाहून त्यानं मान आत घेतली, कासवासारखी. डॉक्टर बाहेर आले, टॉवेलाला हात पुसत. सगळ्यांना वाटलं, ही आता ओरडणार.

मी सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनीच टॉवेल माझ्यासमोर धरला. "माझे वडील चाळीसगावच्या बाजारात बैल विकायचे," म्हणाले. "घाला हात."

"टॉवेल तुमचा नको," मी म्हटलं. "पदर माझा." आणि पदर पसरला.

डॉक्टरांचा हात पदराखाली आला. त्यांनी बोटं धरली. मी एक बोट परत वळवलं. त्यांनी भुवई वर केली आणि पेर दाबलं. मी अंगठा चिमटीत धरला. बाजारात अंगठा म्हणजे दलाली. आणि या खेपेला मी कोणाचंही नाव सांगितलेलं नव्हतं. ते हसले आणि अंगठा सोडून दिला. मग मी वळवलेलं एक बोट त्यांनी परत धरलं आणि पुटपुटले, "आमरसावरून उठलो होतो." ते मी दिलं. जेवणावरून उठलेल्या माणसाला द्यायलाच हवं. हात हलवला, सौदा झाला. पैसे मी कनवटीतून काढले, पाठ फिरवून मोजले आणि मुठीतून मुठीत दिले.

सुभाषचंद शेठना राहवेना. "बाईजी, कितने में पटा? बोलो ना!"

"शेठ, मोठ्यानं सांगून तुमचा जीव जाईल," मी म्हटलं आणि पदर त्यांच्यासमोर धरला. "घाला हात, सांगते."

सायरबाईंनी असं काही पाहिलं की शेठचा हात खिशात गेला तो बाहेर आलाच नाही.

परतीच्या गाडीत निंबा सुनंदाच्या मांडीवर झोपला होता. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं किती दिले म्हणून विचारायला पारावर गर्दी जमवलेली असणार, हे मला माहीत होतं. वनाही विचारणार, गुलाबबाईही. यातल्या कोणाला आजवर कळलेलं नाही.

पाळधी मागे पडली तेव्हा मी पदर सुनंदाच्या हातावर टाकला. ती दचकली. मी तिची बोटं धरली, किती ते सांगितलं, मग पेर दाबून उरलेलं सांगितलं. तिनं ओठांतल्या ओठांत हिशोब केला. मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"एवढंच?"

"हळू," मी म्हटलं. "पुढच्या सीटवर एरंडोलचा माणूस आहे. आणि बुधवारी गुरांचा बाजार आहे, पोराला वनाकडे ठेव. तू माझ्याबरोबर येतेस."